मामांच्या पार्लरमधलं व्हिडिओ गेमचं मशीन: बाजूचा रंग, कडेची पट्टी आणि वरची पाटी वाचवायची कशी?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीट वाचा आणि ज्यांनी स्वतः हातानं असलं काम केलंय त्यांनी सांगा.

माझ्या मामांचं सांगलीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, १९९५ ला सुरू केलं आणि दहा-बारा वर्षं चांगलं चाललं, रुपयाला एक कॉइन, शाळा सुटली की पोरं दप्तरासकट आत. मशीन चार होती, तीन भंगारात गेली, एक तेवढं राहिलं, मुस्तफाचं. म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण आपल्याकडं त्याला त्या नावानं कोण ओळखतंय, मुस्तफाच म्हणायचे सगळे. ते गावभागातल्या एका वखारीत पडून होतं आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिथं पाणी शिरलं. गेल्या महिन्यात मी ते टेंपोत घालून घरी आणलं.

आता अवस्था सांगतो. खालून दीड फुटापर्यंत प्लाय फुगलाय, कोपऱ्यात थर सुटे झालेत. कडेनं जी लाल प्लास्टिकची पट्टी असते खाचेत ठोकलेली ती आखडलीय, कोपऱ्यातनं बोटभर उघडी पडलीय आणि वाकवली की कडाकड मोडती. वरची लाईटची पाटी अॅक्रिलिकची आहे, तिचा रंग मागच्या अंगानं आहे आणि त्याचे पापुद्रे सुटायलेत. पांढरी बटणं जुन्या दातासारखी पिवळी झालीत. आणि दोन्ही बाजूंना चित्र आहे, लाल गाडी आणि तिच्यामागं हिरवा डायनोसॉर, हे छापील नाही, मामांनी त्यावेळी एका बॅनर रंगवणाऱ्या पेंटरकडून ऑइल पेंटनं हातानं काढून घेतलेलं. ते पार काळवंडलंय, वर एक चिकट थर बसलाय आणि खालच्या भागात गाळाचा डाग आहे.

माझा विचार असा की बाजूचं सगळं घासून काढायचं, लांबी (पुटी) भरायची आणि ओरिजिनल चित्राचं व्हिनाइल प्रिंट मारायचं म्हणजे नव्यासारखं दिसेल. मामा ७२ वर्षांचे आहेत, दिवाळीला त्यांच्यापुढं चालू करून दाखवायचंय. तर घासायला कोणता पेपर वापरू, पट्टी कुठं मिळेल आणि त्या पाटीचं काय करू, एवढं सांगा की.

रेडियमवाला_कुपवाड

भाऊ स्टिकरचं काम माझं रोजचंच आहे त्यामुळं सांगतो. व्हिनाइल मारणार असाल तर खालचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत पाहिजे, फुगलेल्या प्लायवर मारलं तर पहिल्या पावसाळ्यातच फोड येतात. आधी ८० नंबरनं घासा, मग १२०, मग लांबी, मग २२० आणि ४००, वर प्रायमर, त्यानंतर स्टिकर. प्रिंट कास्ट व्हिनाइलवर घ्या आणि वरून मॅट लॅमिनेशन करा, साधं व्हिनाइल कडेला आखडतं.

पण एक करा, घासायच्या आधी उजेडात सरळ समोरून फोटो काढून ठेवा, एकदा घासलं की परत काय येत नाही.

जुनं_जपूया_सातारा

थांबा, अजून पेपर लावला नसाल तर लावूच नका, आधी हे वाचा.

माझ्याकडं साताऱ्यात दोन मशीन आहेत, दोन्ही मी नऊ-दहा वर्षं धरून हळूहळू नीट केलीत. बाहेरच्या देशात लोक घासून नवं करतात ते ठीक आहे, कारण १९८० चं मिडवे कंपनीचं पॅकमॅनचं पिवळं कॅबिनेट घ्या, त्याच्या बाजूचं चित्र कारखान्यात स्टेन्सिल लावून मारलेलं होतं आणि तशी हजारोंनी निघाली, म्हणून आज त्याचे तयार स्टेन्सिल सुद्धा विकत मिळतात, एक घासलं तरी तसंच दुसरं कुणाच्या तरी घरात आहे. तुमच्या मशीनवर जे आहे ते एका पेंटरनं एकदाच काढलंय. ओरिजिनल म्हणून जे नेटवरनं छापून लावाल ते तुमच्या मामांच्या मशीनवर कधीच नव्हतं, तुमच्या मशीनचं ओरिजिनल म्हणजे हीच लाल गाडी.

आता काम. सुरुवात कोरड्यानं करायची. पुराचा गाळ म्हणजे बारीक रेतीच असते, ओल्या फडक्यानं पुसलात की तीच रेती रंगावर पॉलिश पेपरचं काम करती. मऊ ब्रश घ्यायचा, वरून खाली झाडत यायचं आणि शेजारी व्हॅक्यूम धरायचा. हे झालं की बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, एका मगात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, कापूस लावलेली कानातली काडी त्यात बुडवून पिळायची आणि कुठल्यातरी कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर फिरवायची. काडीवर तपकिरी आलं तर ती घाण आहे, सिगारेटचा धूर, उदबत्ती, पोरांच्या हाताचं तेल. लाल किंवा हिरवं आलं तर लगेच हात काढायचा, तो रंग आहे. प्रत्येक रंगाची वेगळी टेस्ट करा, लाल पास झाला म्हणून निळा पास होईलच असं नाही. त्यानंतर हाताच्या पंजाएवढा एकेक चौकोन घेत जायचं आणि लगेच कोरड्या कापसानं टिपायचं, पाणी प्लायमध्ये मुरू द्यायचं नाही.

थिनर, पेट्रोल, रॉकेल यातलं काही नको. मी पहिल्या मशीनच्या पाटीला थिनर लावला होता, समोरच्या बाजूलाच लावला, पण तो कडेनं मागं उतरला आणि मी उचलली तर खालच्या कागदावर पिवळं अक्षर जसंच्या तसं उतरलेलं, पाटीवर त्या जागी आरपार काच. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून पाटीचं नीट ऐका. अॅक्रिलिकवर मागून रंगवताना क्रम उलटा असतो, आधी काळी रेघ, मग आतले रंग, सगळ्यात शेवटी मागची जमीन, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग. म्हणजे आपल्याला समोरून जे सगळ्यात पुढं दिसतं ते पेंटरनं सगळ्यात आधी लावलेलं असतं. पापुद्रा सुटतो तेव्हा बऱ्याचदा जमिनीसकट सगळे थर एकदम येतात. मागची बाजू पुसायची नाही, पाण्यानं सुद्धा नाही, टेप तर अजिबात लावायचा नाही. समोरची बाजू साबणाच्या पाण्यानं आणि मऊ सुती कापडानं. काच पुसायचा निळा स्प्रे किंवा स्पिरीट अॅक्रिलिकला लावू नका, आत केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत. पाटी आडवी ठेवा, रंग वर. जे पापुद्रे लोंबतायत ते तसेच बसू द्या आणि मागून २ मिमीचं नवीन पारदर्शक अॅक्रिलिक ठेवून दोन्ही मिळून चौकटीत बसवा, सँडविच करायचं, म्हणजे दाबामुळं पापुद्रे जागेवर राहतात. जिथं रंग पूर्ण गेलाय तिथं रंग त्या नवीन तुकड्यावर लावायचा, जुन्यावर नाही. मन बदललं तर तुकडा काढून टाकला की झालं.

आणि मागची ट्यूबलाईट काढून एलईडी बसवा. वर्षानुवर्षं चोक आणि ट्यूब तापून तापूनच तो रंग सुटलाय.

तबलजी_मिरज

वरच्या भाऊंनी चांगलं सांगितलंय, मी एक भर घालतो. आमच्या मिरजेत सतारी-तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत माझं येणं-जाणं आहे, तिथं जुनं वाद्य दुरुस्तीला आलं की भोपळ्यावरची जुनी नक्षी कुणी खरवडून काढत नाही. आधी साफ करतात आणि वरून लाखेचा पातळ हात मारतात, चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या स्पिरीटमध्ये रात्रभर भिजत घालून गाळून घ्यायचा आणि कापसाच्या बोळ्यानं लावायचा. तुमच्या मशीनच्या चित्रावर हेच करता येईल. साफ झाल्यावर लाखेचा एक पातळ हात, तो वाळला की जिथं रंग गेलाय तिथं वरून टचिंग. टचिंगला साधे पाण्यातले अॅक्रिलिक रंग वापरायचे, ऑइल पेंट नको. फायदा असा की उद्या तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला ते टचिंग आवडलं नाही तर स्पिरीटनं लाखेसकट निघतं आणि खाली पेंटरचा रंग तसाच राहतो. पण स्पिरीटची टेस्ट आधी कोपऱ्यात घ्या, चांगल्या मुरलेल्या ऑइल पेंटला काही होत नाही पण खात्री केलेली बरी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लाख पिवळसर असती, पांढऱ्या रंगावर मारली की लगेच कळतं, म्हणून फिकट धुतलेली लाख मागा. आणि पावसाळी दमट हवेत मारू नका, पांढरी पडती, दुधाळ डाग येतो. आता भाद्रपद चाललाय, ऑक्टोबरचं ऊन पडू द्या.

गॅरेज_पोवईनाका

मी गाड्यांच्या पेंटिंगमध्ये २० वर्षं आहे. ह्यावर कुणी एनसी लॅकर (थिनरमधलं चमकदार वॉर्निश) किंवा टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा गाडीचा पारदर्शक थर) मारायचा सल्ला दिला तर ऐकू नका. जुन्या ऑइल पेंटवर एनसी मारलं की खालचा रंग उचलतो, डोळ्यादेखत सुरकुत्या पडतात, दुधावरची साय गोळा होते तशा, मग सगळं खरवडण्याशिवाय गत्यंतर नाही. वरून संरक्षण पाहिजेच असेल तर पाण्यातलं क्लिअर आणि तेही लाख वाळल्यावर.

ओरिजिनल शेड कशी काढायची ते सांगतो. कॉइनच्या पत्र्याचे स्क्रू काढा, वरच्या पाटीची पट्टी काढा, तिथं ऊन आणि हात पोचलेला नसतो, खालचा रंग पहिल्या दिवसासारखा असतो. तिथला फोटो नको, मोबाईलमध्ये रंग बदलतो. कॉइनचा तो पत्रा किंवा रंगाचा एक छोटा टवका घेऊन रंगाच्या दुकानात जा, मशीनवर मॅच करून देतात, १०० मिलीसुद्धा पुरेल.

साताऱ्याची_लेक

सगळ्यांना एक कळकळीची विनंती, ह्या मशीनमध्ये जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते आणि ती प्लग काढल्यावर सुद्धा चार्ज धरून ठेवते. बाजूला काम करताना आत हात घालायच्या आधी टीव्ही मेकॅनिककडून ट्यूब डिस्चार्ज करून बाहेर काढून घ्या आणि खालच्या फुगलेल्या भागाला हात लावताना तर नक्कीच. माझ्या भावाला असा झटका बसलाय, हात मागं आला तो पत्र्यावर आपटून चार टाके पडले.

कृष्णाकाठ_सांगली

ताई ट्यूब आजच काढून घेतली, मेकॅनिक घरी आला होता, धन्यवाद.

आणि खरं सांगायचं तर मी ८० नंबरचे सहा पेपर आणून ठेवले होते ते परत देऊन आलो. काल कॉइनचा पत्रा काढला तर खाली निळा रंग आहे, असा निळा की मला वाटलं हे दुसऱ्याच मशीनचं आहे, बाहेरचा सगळा करडा-हिरवट दिसतोय. मामांना फोटो पाठवला, ते म्हणाले पेंटर तीन दिवस येत होता, दुपारी दुकानात गर्दी नसायची तेव्हा काढायचा, आणि पैसे सगळे घेतले नाहीत, त्याचा पोरगा वर्षभर फुकट खेळला त्यात वळते झाले.

आता दोनच प्रश्न राहिले, फुगलेला प्लाय आणि ती लाल पट्टी. आणि बटणं.

जुनं_जपूया_सातारा

प्लायबद्दल. उन्हात ठेवू नका, एकदम वाळला की चिरतो. सावलीत, खालून विटा लावून, पंख्याच्या वाऱ्यावर किमान तीन आठवडे. थर सुटलेत तिथं लाकडाचं पांढरं फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करायचं, सिरिंजमध्ये भरायचं आणि थरांच्या मध्ये सोडायचं. दोन्ही बाजूनी मेणकागद, त्यावर सपाट लाकडी फळ्या आणि शिकंजा आवळायचा, २४ तास. चित्राच्या बाजूला मेणकागदाच्या आत मऊ फ्लॅनेल घाला नाहीतर फळीची कड रंगावर उमटते. एकदम सगळं नको, वीतभर भाग घ्या. अगदी भुगा झालेला कोपरा असेल तर तेवढाच कापून नवीन तुकडा बसवा पण चित्राचा थर जमला तर वाचवा.

पट्टीला आपल्याकडं सुतार टी-बीडिंग म्हणतात, मधोमध जीभ असते आणि तिला काटे असतात, ती खाचेत अडकते. आधी प्लायची जाडी आणि खाचेची रुंदी मोजा, प्लाय बहुतेक १९ मिमी निघेल आणि खाच दीड ते दोन मिमी. जुनी पट्टी पीव्हीसीची असते, तिला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जातं म्हणून ती आखडते आणि मोडते, तिला परत मऊ करायचा उपाय नाही, गरम पाण्यात टाकली तर तेवढ्यापुरती वाकते. म्हणून ही एक गोष्ट नवीन घ्या, पण जुनीचा हातभर तुकडा रंगासाठी आणि आठवणीसाठी ठेवा. फर्निचरच्या हार्डवेअरवाल्याकडं ऑफिस टेबलाची टी-बीडिंग मिळते, लालसाठी त्याला मागवून घ्यावं लागेल.

बसवताना ओढून ताणून बसवायची नाही, ताणलेली पट्टी चार महिन्यांत परत आखडते आणि कोपरा उघडा पडतो. गुंडाळी सोडून आदल्या रात्री सरळ पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरनं जरा कोमट करत करत रबरी हातोडीनं ठोका. बाहेरच्या वळणाला जिभेला व्ही आकाराचे काप द्या, नाहीतर तिथं पट्टी फुगून वर येते. पुरानं खाच रुंद झाली असेल तिथं आधी एपॉक्सी पुटी भरून खाच परत पाडून घ्या, सुताराच्या राउटरला (लाकडात खाच पाडायचं मशीन) बारीक स्लॉट कटर लावून पाच मिनिटांचं काम आहे.

रेडियमवाला_कुपवाड

लाल टी-बीडिंग मी मागवून देऊ शकतो भाऊ, आमचा माल कोल्हापूरवरून येतो त्यातच येईल. स्टिकरबद्दल मी बोललो होतो ते मागं घेतो, हे सगळं वाचल्यावर तुम्ही ते चित्र ठेवा. माझी मदत लागली तर मास्किंगला लागेल, टचिंग करताना कडा सरळ पाहिजे असेल तर मी प्लॉटरवर (स्टिकर कापायचं मशीन) कमी चिकट मास्क कापून देतो. आणि बाजूला कुठं जुनं स्टिकर चिकटवलेलं असेल तर ओढून काढू नका, ड्रायरनं गरम करून आडवं, अगदी पृष्ठभागाला लागून मागं दुमडत काढा.

जुनं_जपूया_सातारा

बटणांचं राहिलंच. आधी बघा की ती पांढरी, अपारदर्शक एबीएस प्लास्टिकची आहेत, मग मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्याचं घ्या किंवा ब्यूटी पार्लरला जे ४० व्हॉल्यूम डेव्हलपर क्रीम लागतं ते, त्यात पेरॉक्साइड १२ टक्के असतं. आतली स्प्रिंग आणि मायक्रोस्विच काढून फक्त प्लास्टिक, काचेच्या भांड्यात, पूर्ण बुडवून उन्हात. हातमोजे घाला. रंगीत बटणं यात टाकू नका, फिकी पडतात, आणि पारदर्शक तर अजिबात नको. पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो हे धरून चाला. एखाद्या बटणाला चीर असेल तर तशाच एबीएसचा बारीक चुरा अॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लापशी करायची आणि आतल्या बाजूनं चिरेत भरायची, वाळल्यावर प्लास्टिक एकजीव होतं.

कृष्णाकाठ_सांगली

मंडळी, दोन महिन्यांनी येतोय, सांगायला पाहिजेच होतं.

साफसफाईला अकरा दिवस लागले, रोज रात्री जेवण झाल्यावर दोन तास. उजव्या बाजूला एका थंड पेयाचं जुनं स्टिकर होतं, ते रेडियमवाल्या भाऊंनी सांगितलं तसं ड्रायरनं काढलं आणि त्याच्याखाली पेंटरच्या हातची अक्षरं निघाली, पिवळ्यात, काळी सावली देऊन, "नाणे टाका, १ रु." आणि ण च्या उभ्या दांडीवर ब्रश वळवताना राहिलेला एक थेंब सुद्धा तसाच आहे. मामांना आठवत नव्हतं की तिथं काही लिहिलं होतं.

डायनोसॉरचं पोट गाळानं खाल्लं होतं तेवढंच टचिंग केलं, मिरजेच्या तबलजी भाऊंनी स्वतः येऊन लाखेचा पहिला हात मारून दाखवला. खालच्या डाव्या कोपऱ्यात पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, ती मी मुद्दाम भरली नाही, मामा म्हणाले राहू दे. दिवाळी गाठता आली नाही, पट्टी उशिरा आली, पण तुळशीच्या लग्नादिवशी चालू केलं. मामांनी खिशातनं रुपया काढला आणि फटीत टाकला.

एकच अडचण, दोन बटणांवर ढग आलेत, अर्धं पांढरं अर्धं पिवळं. काय चुकलं?

जुनं_जपूया_सातारा

क्रीम वापरलंत ना? क्रीम वाळलं तिथं ढग येतात. त्या दोन बटणांना परत सगळीकडून क्रीम लावा, वरून स्वयंपाकातली पातळ प्लास्टिक फिल्म घट्ट गुंडाळा आणि दर अर्ध्या तासानं फिरवत राहा, सकाळी १० ते दुपारी ३ एवढंच ठेवा. नाहीतर सरळ पातळ पेरॉक्साइडमध्ये बुडवून. आणि त्या "नाणे टाका" चा फोटो टाका इथं.